आधी बाईंचा हात

पेला नवऱ्याच्या हातातून खाली पडला आणि गोल फिरत पलंगाखाली जाऊन थांबला. पडला कसला, त्याने तो टाकलाच. “अगं, जीव घेतेस का! निखारा आहे नुसता,” म्हणत त्याने बोटं झटकली आणि शाळेतल्या मुलासारखी कानाच्या पाळीला लावली. चहा फरशीवरून वाट काढत वर्तमानपत्राच्या कडेपर्यंत गेला. कानाचे कप सगळे घासायला पडले होते म्हणून तिने उकळता चहा सरळ स्टीलच्या पेल्यात गाळला होता. पेला हातात घेऊन ती स्वयंपाकघरातून इथवर आली होती, आणि त्याची बातमी वाचून होईपर्यंत तो तसाच धरून उभी राहिली होती. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “सांडशीच्या हातातली वस्तू तू कशाला धरायला गेलास?” नवरा हसला. तीही हसली. मग फडकं घेऊन वाकली, फरशी पुसली, आणि फडकं पिळताना तिचं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. अंगठा, त्याच्याशेजारचं बोट, मधलं बोट, तिन्हींची टोकं लालभडक झाली होती. ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी तिने ती पाहिली. दुखत काहीच नव्हतं. पेल्याच्या बुडाला टेकलेली करंगळी मात्र चुरचुरत होती, एकटीच.

सांडशी हे नाव तिला या घरात आल्या आल्या मिळालं होतं. दूध उतू चाललं होतं, फडकं सापडत नव्हतं, आणि तिने भांडं नुसत्या हातांनी उचलून खाली ठेवलं होतं. सासूबाई शेजारणीला कौतुकाने म्हणाल्या, “आमच्याकडे आता सांडशी आणायला नको, सूनच आणलीय.” या घरात दुसरं कौतुक फारसं झालं नाही. तिच्या नोकरीचं तर नाहीच. सासूबाईंना ती दवाखान्यात नेमकं काय करते हे अजूनही कळलं नव्हतं, आणि नवरा लोकांना ‘हातपाय चोळायचं काम’ असं सांगून मोकळा व्हायचा. तेव्हा मिळालेलं हे एक कौतुक तिने जपून वापरलं. पाहुणे असले की ती फडकं मुद्दाम खुंटीला राहू द्यायची. त्या वेळी भाजायचं, चांगलं भाजायचं. दात आवळून, चेहरा हसरा ठेवून भांडं उचलण्यातच सगळी गंमत होती. मग कधीतरी दात आवळावे लागेनासे झाले. तिला वाटलं, सवय झाली. हात तयार झाला. गवयाचा गळा तयार होतो, सुताराच्या तळहाताला घट्टे पडतात, तसा. भाजणं नेमकं कोणत्या दिवशी थांबलं हे आता फडकं हातात धरून आठवायला गेलं तर आठवत नव्हतं. तयार हात कुठे संपला आणि मेलेला हात कुठे सुरू झाला, त्या जागी काही खूण नव्हती.

बसमध्ये तिने दांडा धरला. बाहेर थंडी होती आणि लोखंड गार असणार हे तिला माहीत होतं. माहीत असणं आणि लागणं यांत फरक आहे, हे ती रोज कुणाला तरी समजावून सांगत असे. करंगळीला दांडा गार लागला. बाकीच्या बोटांना तो नुसता दांडा लागला. तिने हात बदलला. डावा थोडा बरा होता, फार नाही. पहाटे दोन्ही हातांना मुंग्या यायच्या, जाग यायची, ती हात पलंगाबाहेर सोडून झटकायची आणि कूस बदलून झोपायची. हाताची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिला प्रश्न हाच विचारायची: पहाटे हात झटकावा लागतो का? झटकावा लागतो म्हटलं की तिला पुढचं सगळं कळायचं. मनगटातून जाणारी नस दाबली गेलीय, आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग अंगठ्याखालचा मांसल भाग खपाटीला जाणार. टंकलेखिकांना, केस कापणाऱ्यांना, पोळपाटावर आयुष्य काढलेल्या बायकांना तिने मनगटाच्या पट्ट्या स्वतःच्या हाताने बनवून दिल्या होत्या. “रात्री बांधून झोपायचं, आळस करायचा नाही,” असा दम देऊन. आणि तीच पहाटे हात झटकत होती, कूस बदलत होती, आणि तिला तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. बसच्या काचेत तिने अंगठ्याखालचा भाग पाहिला. खपाटीला गेला होता. फार नाही. पण दुसऱ्या कुणाचा असता तर तिने दारातूनच ओळखला असता.

तिच्या खोलीवर ‘व्यवसायोपचार’ अशी पाटी होती. महिन्यातून एखादा तरी माणूस आत डोकावून इथे नोकऱ्या लावतात का, असं विचारून जायचा. ज्यांना उपचार माहीत होता तेही त्याला ‘शेक’ म्हणत. शेक घ्यायला आलोय, आज शेक लागला नाही, शेकाचं बरं वाटतं. शेक ही नुसती तयारी आहे, हात मऊ करायची. खरा उपचार त्यानंतरचं काम, बटणं लावणं, कुलूप उघडणं, सुई धरणं, हे ती सांगून थकली होती. गरम पाण्याच्या टाकीतले शेकाचे पॅक इतर लोक चिमट्याने काढत, ती हाताने काढायची. रोग्यांचे डोळे विस्फारत. पण खरा मान मेणाच्या टाकीचा. पातळ मेणात हात बुडवायचा, काढायचा, थर धरू द्यायचा, पुन्हा बुडवायचा, आणि पांढरा हातमोजा चढला की टॉवेलात गुंडाळून बसायचं. नवा माणूस घाबरतो. म्हणून ती आधी स्वतःची बोटं बुडवून दाखवायची. “हे बघा, मी घातला. आता तुम्ही.” ‘आधी बाईंचा हात’ हा त्या खोलीतला रिवाजच झाला होता. टाकीतला थर्मामीटर फुटला तेव्हा दुसरा मागवावा असं कुणी म्हणालं, आणि वरिष्ठ डॉक्टर हसून म्हणाले, “बाईंचा हात आहे ना, त्यापुढे थर्मामीटर काय करणार?” ती लाजली होती. दुसरा थर्मामीटर नको म्हणाली होती. नको म्हणताना झालेला आनंद तिला आता बसच्या पायरीवरून उतरताना स्वच्छ आठवला आणि तोंड कडू झालं.

तिला शिकवणारे सर फार कडक होते. वर्गातल्या मुलांना एकमेकांवर शेक द्यायला लावायचे, डोळे बांधून. यंत्राचा धोका यंत्रात नसतो, ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्या माणसात असतो, असं त्यांचं म्हणणं. सुन्न कातडीवर शेक नाही. छातीत यंत्र बसवलेल्याला करंट नाही. शेकाआधी तपासणी, प्रत्येक वेळी: काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार, रोग्याचे डोळे मिटलेले. आणि परीक्षकाने तोंड उघडायचं नाही. बरोबर नाही, चूक नाही, हुं नाही, चूं नाही. “तुमच्या चेहऱ्यावरून तो उत्तर वाचतो,” सर म्हणायचे, “म्हणून चेहराही घरी ठेवून या.” तिने सगळं पाळलं होतं. तोंड उघडायचं नाही हे मात्र तिला जमत नसे. समोरचा माणूस डोळे मिटून, घाबरून, हात पुढे करून बसलेला, आणि आपण दगडासारखं गप्प बसायचं? बरोबर उत्तर आलं की तिच्या तोंडून ‘छान’ निघायचंच. ही माया आहे, असं तिला वाटे. शेकड्याने हात तपासले तिने असे. सरांनी रोग्याला तपासायला शिकवलं होतं. तपासणारा हात कुणी तपासायचा, हे त्यांच्या शिकवण्यात आलंच नव्हतं, किंवा आलं असेल आणि त्या दिवशी ती गैरहजर असेल.

दाराबाहेरच्या बाकावर संधिवाताच्या आजी आणि शिंपी आधीच बसले होते. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. कात्रीने मनगट कापलं गेलं, करंगळीकडची नस तुटली, जोडली, आणि तेव्हापासून तो यायचा. बारीक, नीटनेटका, तोंडाने तिखट. सरावासाठी ठेवलेल्या बटणांच्या फळीकडे बघून पहिल्या दिवशीच म्हणाला होता, “बाई, ही काजं कुणी केली? त्यालाही इथंच आणून बसवा.” आज त्याच्या करंगळीला अस्तराच्या कापडाची पट्टी होती, कडेला नीट दुमडून टीप घातलेली. ती सोडता सोडता तो आत आला आणि काहीतरी खास आणल्यासारखा हात तिच्यापुढे धरला. करंगळीच्या बाहेरच्या कडेला टपोरा, पाणी धरलेला फोड होता.

“घरची म्हणते भाजलंय,” तो म्हणाला. “मी म्हटलं, वेडी का खुळी? त्या मेणात आधी बाईंचा हात गेला होता. ही नस जागी होतेय. होय ना?”

परवा त्याने मेण चढलेला हात गुंडाळण्याआधी बोटं हलवली होती, हे तिला आठवलं. थराला कडेने भेग गेली होती, आत गरम मेण शिरेल अशी. तिने ती पाहिली होती आणि तसाच हात पुन्हा बुडवू दिला होता. मेण कोमट होतं, काय होणार होतं. मेण कोमट होतं. गेले कित्येक दिवस तिला ते कोमटच लागत होतं, आणि ती टाकीचं बटण जरा जरा पुढे सरकवत आली होती. तिने दारातून विचारलं, “आजी, परवा मेण कसं होतं हो?”

“बेतानं घे गं बाई आज,” आजी म्हणाल्या. “घरी गेले तर हात लालबुंद. सुनेनं विचारलं, कुणी मारलं का म्हणून.”

“मग बोलायचं नाही का?”

“बोलले की. चटका बसतोय म्हटलं. तू म्हणालीस, आत्ताच हात घातला होता मी, तुमची कातडी नाजूक आहे. म्हटलं असेल बाई, म्हातारपणी काय काय नाजूक होतं.”

हे संभाषण झालं होतं. तिला ते शब्दन् शब्द आठवलं, आजी त्यावर हसल्या होत्या हेही. आणखी कितीजण असे म्हणाले होते आणि तिचा हात बघून गप्प झाले होते, ते आठवायला नको म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली आणि फिजिओकडे थर्मामीटर मागितला. फिजिओ तरुण आणि बडबड्या होता. “तुम्हाला थर्मामीटर? मग आम्ही दुकान बंद करून घरी जायचं का?” असं म्हणत तो उत्साहाने स्वतःच घेऊन आला. दोघं टाकीवर वाकले. काटा चढत गेला, लाल रेषेपाशी जरा थबकला आणि ती ओलांडून बराच पुढे जाऊन थांबला. फिजिओने काट्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे, लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. त्याला कळलं, हे तिला कळलं. तो खाकरला आणि म्हणाला, “काटा बिघडला असेल. जुना आहे हो हा.” ती म्हणाली, “असेल.” तो निघून गेला, थर्मामीटर न नेता. तिने टाकीचा खटका बंद केला. एवढं सोपं होतं ते. काटा बिघडला असेल, कातडी नाजूक असेल, नस जागी होत असेल. खोलीतला प्रत्येक माणूस तिला एकेक ‘असेल’ आणून देत होता, आणि ती ते घेत होती.

तिने शिंप्याला आपल्या खुर्चीवर बसवलं, फोडावर स्वच्छ पट्टी बांधली. बांधताना तिची बोटं पट्टीच्या टोकावरून दोनदा सटकली. नेहमीच सटकायची, ती चिकटपट्टीला दोष द्यायची.

“मास्तर, नस नाही. भाजलंय हे. मी भाजलंय.”

शिंप्याने मान वर केली. “आणि तुमचा हात? तो तर आधी गेला होता.”

“तोच बघायचाय,” ती म्हणाली.

फिजिओने तपासलं असतं. पण त्याने मघाशीच निकाल देऊन टाकला होता, काटा बिघडलाय म्हणून. त्याला तिच्याशी रोज चहा प्यायचा होता. वरिष्ठ डॉक्टर म्हणजे तर सगळीकडे बोभाटा. हा शिंपी तोंडाचा फटकळ. याला भाजलंय आपण. हा खरं सांगेल. तिने दोन नळ्या भरल्या, स्टँडमध्ये ठेवल्या आणि टेबलाच्या त्याच्या बाजूला सरकवल्या. मग रोग्याच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीत बसली नव्हती. खुर्ची बुटकी होती, आणि तिथून टेबल छातीशी आल्यासारखं, वर आल्यासारखं दिसत होतं. “टोकांना लावा एकेक. मी सांगते गरम का गार.” तिने डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला.

अंधारात हात फार लांब गेल्यासारखा वाटला. अंगठ्याला काहीतरी टेकलं. टेकलं एवढं कळलं. जाड गोधडीआडून कुणी बोट लावावं तसं. ती वाट पाहत राहिली. आत कुठे काही उमटतंय का ते ऐकत राहिली. काही नाही. काहीतरी बोलणं भाग होतं. “गार,” ती म्हणाली.

“बरोबर.”

पुन्हा टेकलं. “गरम?”

“बरोबर.”

तिसऱ्यालाही ‘बरोबर’ आलं तेव्हा तिने हात जरा आणखी पुढे केला. म्हणजे आहे अजून. तिला जाणवत नव्हतं, पण हाताला कळत असेल, आतल्या आत. असं होतं कधीकधी. नस पुरती मेलेली नाही. ऑपरेशन केलं तर सुटेल. जुनी दाबलेली नस सुटली तरी सगळीच परत येते असं नाही, हे तिला ठाऊक होतं, रोग्यांना ती हे वेगळ्या शब्दांत सांगायची. पण बरोबर म्हणजे बरोबर. पुढचं उत्तर तिने घाईने दिलं, पाढे येणाऱ्या मुलासारखं. “बरोबर. छान,” शिंपी म्हणाला. ‘छान’ ऐकलं आणि तिचे कान टवकारले. तो सूर तिचा होता. हुबेहूब तिचा, शेवटचा ‘न’ जरा लांबवलेला, गोड.

तिने ठरवलं, आता एकच उत्तर द्यायचं. टेकलं. “गार.” “बरोबर.” टेकलं. “गार.” “बरोबर.” टेकलं. “गार.” “छान.”

तिने डोळे उघडले. तिच्या मधल्या बोटावर शिंप्याने धरलेल्या नळीतून वाफ निघत होती. गार पाण्याची नळी स्टँडमध्ये होती तशी होती. त्या नळीला हात लागलेला दिसत नव्हता.

“मास्तर, खोटं बोललात.”

शिंप्याने नळी सावकाश जागेवर ठेवली. ट्रायल घेणाऱ्या गिऱ्हाइकासमोर उभा असल्यासारखा जरा वाकला. “बाई, तुमचा चेहरा पडत चालला होता. बघवेना.”

“मी तुम्हाला खरं सांगायला बसवलं होतं.”

“मग मलाही तुम्ही खऱ्यासाठीच बसवलं होतं की,” तो एकदम म्हणाला. “मला कुठं काय कळत होतं त्या नळ्यांचं? चुकलो की तुम्ही गप्प, बरोबर आलं की छान. मी ‘ग’ म्हणून जरा थांबायचो. तुमचा श्वास मोकळा झाला की तेच पुरं करायचं, नाहीतर दुसरं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की बाही घट्ट झालीय का सैल, ते मी तोंड न बघता सांगतो. तुमचं तर काय, सगळं उघड.”

“पण का?”

“शेक मिळायचा ते बरे होऊन जायचे बाई. मी आपला सुन्न बोटाचा, कोपऱ्यात ती भिकार काजं घेऊन बसलेला.” तो थांबला. “आणि तुम्ही एवढ्या खूश व्हायच्या.”

म्हणजे त्याची करंगळी मेलेली होती आणि ती छान छान म्हणत आली होती. तिची बोटं मेलेली होती आणि सगळे तिला बाईंचा हात म्हणत आले होते. दोघांचा मिळून एक धड हात झाला असता, तेवढी बोटं टेबलावर पडली होती. रोगी चेहऱ्यावरून उत्तर वाचतो, हे सरांनी सांगितलं होतं. जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. माया म्हणून जे ती वाटत आली ती माया नव्हती, तिला स्वतःला ‘छान’ ऐकायचं होतं, आणि घरी कुणी म्हणत नव्हतं म्हणून ती इथे येऊन दुसऱ्याच्या हातावर ते मिळवत होती. सकाळचा पेला, खुंटीला राहू दिलेलं फडकं, हसून पुढे केलेली बोटं. तिला कुणाचा तरी राग करायचा होता आणि खोलीत राग करण्याजोगं दुसरं कुणी नव्हतं.

“बाई, झालं का गं मेण?” बाहेरून आजींनी हाक मारली. “माझी बोटं आखडली इथं बसून.”

दाराकडे वळून ती म्हणणार होती. वाक्य तयार होतं: आजी, माझ्या हाताला कळत नाही, तुम्हाला भाजलं ते माझ्यामुळे. ती म्हणाली, “आज शेक नाही आजी. टाकी बिघडलीय.”

“टाकी बिघडली तर बिघडू दे,” आजी म्हणाल्या. “तुझा हात आहे ना!”

शिंपी खाली बघत पट्टीचं टोक दाबत बसला होता. टाकीत मेण निवायला लागलं होतं. कडेने पांढुरकी साय धरत होती, मध्ये अजून पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. ते किती गरम आहे हे तिला इथून बघून सांगता आलं नसतं, आणि जवळ जाऊनही नाही. उद्या वरिष्ठ डॉक्टरांच्या खोलीत जावं लागेल. उद्या, नाहीतर परवा. त्याआधी घरी जावं लागेल, आणि संध्याकाळी गॅसवरचं भांडं उतरवताना कुणीतरी सांडशी म्हणून हाक मारील. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि झाकल्यासारखे एकमेकांवर ठेवले.

“येईल बाई, हळूहळू येईल,” शिंपी म्हणाला. तिच्याच शब्दांत, तिच्याच समजुतीच्या आवाजात, जसं ती त्याला महिनोन् महिने सांगत आली होती. “घाई करायची नाही. मनानं घ्यायचं नाही.”

“हो,” ती म्हणाली. खुर्ची बुटकी होती, त्यामुळे तिला मान वर करून बोलावं लागलं. “आताच थोडं थोडं जाणवतंय.”

“छान,” शिंपी म्हणाला.